लक्झेंबर्गमध्ये भारताचा दूतावास नाही, मग आपले कागद कुणाकडे न्यायचे?

नाशिकहून एका ताईंचा प्रश्न आला आहे, तो आधी थोडक्यात सांगते. त्यांच्या यजमानांना लक्झेंबर्गमध्ये नोकरी लागली आहे, त्यांचा परवानाही आला आहे. दोन महिन्यांत निघायचं आहे. ताईंना चौथा महिना चालू आहे, म्हणजे बाळंतपण तिकडेच. शोधाशोध करताना त्यांना कळलं की लक्झेंबर्गमध्ये भारताचा दूतावासच नाही. ओळखीतल्या एकांनी धीर दिला, ‘मानद वाणिज्यदूत असतो, तो सगळं करून देतो.’ दुसऱ्यांनी सांगितलं, ‘निघायच्या आधी सगळ्या कागदांवर एम्बसीचे शिक्के मारून घ्या, नंतर काही होत नाही.’ आणि शेवटी ताईंनी एकच वाक्य लिहिलं आहे: ‘काही बरंवाईट झालं तर तिथं आमचं कोण?’

ताई, मी अठरा वर्षं लक्झेंबर्गमध्ये राहते. परदेशातून नोकरीसाठी येणाऱ्या कुटुंबांचे कागद मार्गी लावणं हेच माझं रोजचं काम. तुमच्या शेवटच्या वाक्याचं उत्तर शेवटीच देते, कारण ते सावकाश द्यायचं आहे. आधी दूतावासाचा गोंधळ सोडवू.

लक्झेंबर्ग शहरात भारताचा दूतावास नाही हे खरं. पण लक्झेंबर्गसाठी भारताचे राजदूत आहेत. ते ब्रसेल्समध्ये बसतात. बेल्जियम, लक्झेंबर्ग आणि युरोपीय संघ अशा तिन्हींची जबाबदारी त्यांच्याकडे असते, आणि लक्झेंबर्गच्या ग्रँड ड्यूकना ते वेगळं नेमणूकपत्र सादर करतात. एकाच राजदूताने एकापेक्षा जास्त देश सांभाळायची सोय १९६१ च्या व्हिएन्ना करारातच आहे, त्यात कुणाचा कमीपणा नाही. भारत आणि लक्झेंबर्गचे राजनैतिक संबंध तर १९४८ पासूनचे आहेत. लक्झेंबर्ग स्वतःही असंच भागवतं. नवी दिल्लीत त्यांनी स्वतःचा दूतावास उघडला तो २००२ साली. जगात जिथे जिथे त्यांचं कार्यालय नाही, तिथे त्यांच्या नागरिकांची पासपोर्ट वगैरे कामं बेल्जियमची कार्यालयं बघतात. दोन देशांमध्ये १९६५ सालीच तसा करार झालेला आहे.

देश केवढा म्हणाल, तर २,५८६ चौरस किलोमीटर. तुमचा नाशिक जिल्हा याच्या सहापट आहे. लोकसंख्या सात लाखांच्या आत, आणि त्यातले जवळजवळ निम्मे लोक परदेशी नागरिक. युरोपीय संघाचं न्यायालय, युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँक, लेखापरीक्षक न्यायालय ही सगळी बडी मंडळी इथेच आहेत. तरी कित्येक देशांनी इथे दूतावास उघडलेला नाही, कारण युरोपीय संघासाठी ब्रसेल्सला माणसं ठेवावीच लागतात आणि ब्रसेल्स इथून जेमतेम २०० किलोमीटर. एका कार्यालयात दोन कामं होत असतील तर भाडं दोनदा कशाला भरायचं, असा तो साधा हिशेब.

ज्यांनी इथे कार्यालय थाटलं आहे त्यांची कारणं बघण्यासारखी आहेत. जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम हे शेजारी. अमेरिका, चीन, जपान, रशिया हे मोठे देश. यांचं कुणाला नवल वाटत नाही. पण आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात असलेल्या केप व्हर्द या लहानशा बेटांच्या देशाचाही इथे दूतावास आहे, कारण त्यांची माणसं पिढ्यान् पिढ्या इथे कामाला आहेत. परदेशी नागरिकांमध्ये सगळ्यात मोठा गट पोर्तुगीजांचा, म्हणून पोर्तुगालने दूतावासाच्या जोडीला, आपल्या नागरिकांचे कागद बघणारा मोठा वाणिज्य दूतावासही चालवला आहे, आणि तिथे सकाळपासून वर्दळ असते. बांधकामावरचे कामगार, सफाईकाम करणाऱ्या बायका, कडेवर लेकरं. मी पहिल्यांदा ती गर्दी पाहिली तेव्हा मला समजलं की वाणिज्य दूतावास कसा असायला हवा: माणसं जिथे राहतात तिथे, त्यांच्या भाषेत बोलणारा. आपली संख्या गेल्या काही वर्षांत खूप वाढली आहे. आयटीवाले, बँकांचे, हिशेबतपासनीस अशी पुष्कळ मंडळी आहेत, त्यात मराठी घरंही बरीच. निदान एक छोटं पासपोर्ट कार्यालय तरी इथे हवं, असं मला मनापासून वाटतं. तोपर्यंत ब्रसेल्स. अधूनमधून ब्रसेल्सच्या दूतावासाची माणसं लक्झेंबर्गला येऊन शिबिर घेतात, त्याची तारीख दूतावासाच्या संकेतस्थळावर येते. त्या दिवशी काम झालं तर हेलपाटा वाचतो.

आता मानद वाणिज्यदूत. हा माणूस बहुतेक वेळा त्या त्या गावातला प्रतिष्ठित रहिवासी असतो, उद्योगपती किंवा वकील. आपला व्यवसाय सांभाळून तो हे काम करतो. १९६३ च्या वाणिज्यदूतीय संबंधांच्या व्हिएन्ना करारात अशा मानद अधिकाऱ्यांसाठी वेगळं प्रकरणच आहे. त्याला किती अधिकार द्यायचे हे नेमणाऱ्या देशावर असतं. ओळख काढून देणं, अडीअडचणीला योग्य दार दाखवणं, व्यापारी शिष्टमंडळाची गाठ घालून देणं हे त्याच्याकडून होतं. पासपोर्ट छापून देणं, बाळाला नागरिकत्व देणं ही कामं तो करेल असं समजून कुठल्याही देशात जाऊ नका. ‘तो सगळं करून देतो’ या एका वाक्यावर विसंबून बाळाच्या नोंदणीची वर्षभराची मुदत हुकवलेलं एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. त्यांना पुढे किती पत्रव्यवहार करावा लागला ते मी जवळून पाहिलं आहे.

आणि आता ‘एम्बसीचे शिक्के’. हा सल्ला जुना आहे आणि अजूनही पैसे घेऊन विकला जातो. भारत २००५ साली अपोस्टिल करारात सामील झाला. अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचं प्रमाणपत्र, करारातल्या एका देशाने दिलेलं दुसरे देश मान्य करतात. लक्झेंबर्गही त्यात आहे. त्यामुळे भारतातल्या जन्मदाखल्यावर किंवा विवाह प्रमाणपत्रावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल असलं की लक्झेंबर्गच्या दूतावासाचा वेगळा शिक्का लागत नाही. क्रम असा: महानगरपालिकेचा मूळ दाखला, त्यावर राज्य शासनाचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. दाखला ताजा काढून घ्या, जुना लॅमिनेट केलेला चालत नाही. एक खाचखळगा सांगून ठेवते. तुमच्या ओळखीचं कुणी फ्रँकफर्टला किंवा म्युनिकला असेल तर ते म्हणतील, ‘भारताचं अपोस्टिल चालत नाही.’ त्यांचंही बरोबरच आहे. जर्मनीने या करारातल्या भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली होती आणि ती मागे घेतलेली नाही, म्हणून तिथे कागदांची पडताळणी वेगळ्या पद्धतीने होते. लक्झेंबर्ग आणि जर्मनीच्या सीमेवरून वाहणाऱ्या मोझेल नदीच्या एका काठावर चालणारा कागद दुसऱ्या काठावर चालत नाही. ज्या देशात जायचं त्याच देशाचा नियम विचारा.

इतक्या वर्षांत एक गोष्ट मी शेकडो घरांना सांगितली आहे, तुम्हालाही सांगते. लक्झेंबर्गमध्ये आपल्या लोकांचं घोडं अडतं ते बहुतेक वेळा दूतावास लांब आहे म्हणून नाही, तर घरून निघताना कागद अर्धवट राहिले म्हणून. दूतावास तुम्ही कोण आणि कुठल्या देशाचे एवढं सांगणारे कागद देतो. तुमचा जन्म कधी झाला, लग्न कुणाशी झालं, हे नाशिकच सांगू शकतं. आणि तुम्ही कुठे राहता, बाळ कधी झालं, हे लक्झेंबर्गची कॉम्यून, म्हणजे तिथली नगरपालिका सांगते. तीन दारं, तीन वेगळी कामं. एका दाराचं काम दुसऱ्या दारी होत नाही.

यात सगळ्यात जास्त छळतं ते नाव. म्हणून इथे जरा थांबते.

एखादी बाई काउंटरपाशी उभी आहे, तिने तीन कागद पुढे ठेवले आहेत, असं समजा. पहिला जन्मदाखला, नमुना ५. त्यावर बाळाच्या नावाची ओळ कोरी, कारण बारशाच्या आधीच नोंद झाली आणि पुढे नाव घालायला कुणी पालिकेत गेलंच नाही. आईवडिलांची नावं आणि ‘स्त्री’ एवढंच लिहिलेलं. दुसरा विवाह नोंदणीचा दाखला, त्यावर माहेरचं पूर्ण नाव. तिसरा पासपोर्ट, त्यावर सासरचं नाव, मधे नवऱ्याचं नाव, पुढे नवऱ्याचं आडनाव. काहींचं तर लग्नात पहिलं नावसुद्धा बदललेलं असतं. आपल्याला यात काहीच विचित्र वाटत नाही. पण काउंटरपलीकडच्या माणसासमोर तीन बायका उभ्या असतात. त्याच्या देशात लग्नानंतरही बाई कायद्याच्या कागदावर जन्माच्याच नावाने ओळखली जाते. तो उद्धटपणा करत नसतो. त्याला खरोखर कळत नाही की या तिघी एकच कशा.

यावर उपाय नाशिकमध्ये आहे, आणि तो आत्ताच करायचा आहे. जन्मदाखल्यावर नाव नसेल तर पालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात जाऊन ते आधी घालून घ्या. शाळा सोडल्याचा दाखला तिथे उपयोगी पडतो. विवाह नोंदणी झाली नसेल तर ती करून घ्या. ‘लग्नाला तीन वर्षं झाली, पत्रिका आहे, फोटो आहेत’ याचा तिकडे काडीचा उपयोग नाही. लग्नात पहिलं नाव बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध झालेलं असावं आणि त्या पानाची प्रत जवळ असावी. नुसतं स्टॅम्प पेपरवरचं प्रतिज्ञापत्र कमी पडतं, राजपत्र वजनदार ठरतं. एखादा दाखला फक्त मराठीत असेल तर त्याचं भाषांतर लागणार. फ्रेंच, जर्मन किंवा इंग्रजी कागद सहसा घेतात, पण भाषांतर शपथ घेतलेल्या भाषांतरकाराचंच हवं. म्हणून शक्य तिथे मराठी-इंग्रजी असा द्विभाषी दाखलाच मागा.

बाळाच्या नावाचंही आत्ताच ठरवा. आपल्याकडे मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी सवय. लक्झेंबर्गमध्ये नावं आणि आडनाव असे दोनच रकाने. वडिलांचं नाव मधे हवं असेल तर ते बाळाचं दुसरं नाव म्हणून नावांच्या रकान्यात तुम्हालाच लिहावं लागतं. लिहिलं तर ते आयुष्यभर त्याचं नाव, नाही लिहिलं तर पासपोर्टवर बाळाच्या नावातही येणार नाही. दोन्हीत चूक काही नाही. पण हा निर्णय दवाखान्यात, रात्रभर जागलेल्या बापाने फॉर्म भरताना घ्यायचा नसतो. माझं मत विचाराल तर वडिलांचं नाव घालू नका. शाळेत, विमानतळावर, बँकेत दोन नावांनी हाक मारतात आणि पोर गोंधळतं. पण आजी-आजोबांना विचारून काय ते ठरवा.

आता तुमच्या प्रवासाचं, आणि इथे मला तुमची थोडी काळजी वाटते. यजमानांचा परवाना आला आहे असं तुम्ही लिहिलंत. तुमचा आला आहे का? युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला लक्झेंबर्गमध्ये तीन महिन्यांहून जास्त राहायचं तर तात्पुरत्या वास्तव्याची परवानगी देश सोडायच्या आधीच मिळालेली असावी लागते. नवऱ्याला नोकरीची आणि बायकोला कुटुंब म्हणून, अशा दोन वेगळ्या परवानग्या. त्या हातात आल्या की दीर्घ मुदतीचा ‘डी’ व्हिसा मिळतो. ‘आधी पर्यटक व्हिसावर जाऊ, तिकडे बदलून घेऊ’ असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. शेंगेन हे गाव लक्झेंबर्गमध्येच आहे. १४ जून १९८५ रोजी त्या गावाशी मोझेल नदीत उभ्या असलेल्या बोटीवर, युरोपातल्या सीमा खुल्या करणाऱ्या शेंगेन कराराच्या सह्या झाल्या. पण म्हणून शेंगेन पर्यटक व्हिसावर तिथे संसार थाटता येत नाही. तुमच्या अवस्थेत तर हा धोका अजिबात पत्करू नका. तुमचा परवाना आला नसेल तर यजमानांच्या कंपनीकडून तो कुठवर आला आहे हे लेखी विचारून घ्या. कुटुंबाच्या अर्जाला कधीकधी बरेच महिने लागतात, आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत विमान कंपन्या बसू देत नाहीत. दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहून बघा. जुळत नसतील तर बाळंतपण माहेरी करून बाळासकट जाणं हा सरळ मार्ग आहे. त्यात बाळाचा पासपोर्टही नाशिकच्या पासपोर्ट सेवेतून निघतो.

परवाना असेल तर पुढचं सोपं आहे. पोचल्यावर तीन कामाच्या दिवसांत कॉम्यूनमध्ये आल्याची नोंद करायची. लक्झेंबर्ग शहरात राहणार असाल तर हे काम बिअर्गर-सेंटरमध्ये होतं, शहराच्या मधोमध, गियोम चौकात. मग वैद्यकीय तपासणी, आणि तीन महिन्यांच्या आत राहण्याच्या परवान्याच्या कार्डासाठी अर्ज. पोलीस ना-हरकत दाखला भारतातून निघतानाच घ्या, कारण नंतर तोच दाखला हवा झाला तर ब्रसेल्समार्गे मागवावा लागतो.

बाळ झाल्यावर पाच दिवसांच्या आत जन्माची नोंद करायची, आणि ती करायची ते रुग्णालय ज्या कॉम्यूनमध्ये येतं तिथे. तुम्ही एश किंवा ड्युडलांजला राहत असाल आणि बाळ शहरातल्या रुग्णालयात झालं, तर नोंद शहरात. यात पुष्कळ जण चुकीच्या दारी जाऊन येतात. नोंद झाली की पूर्ण प्रत आणि अनेक भाषांमध्ये छापलेला आंतरराष्ट्रीय उतारा, दोन्ही मागा. तीन-तीन प्रती घ्या.

बाळ लक्झेंबर्गमध्ये जन्मलं म्हणून ते लक्झेंबर्गचं नागरिक होत नाही. आईवडील दोघं भारतीय असतील तर ते भारतीयच, पण आपोआप नव्हे. नागरिकत्व कायद्याच्या कलम ४ प्रमाणे परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय दूतावासात एका वर्षाच्या आत व्हावी लागते, आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांनी लिहून द्यायचं असतं. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी लागते. वर सांगितलेल्या जोडप्याला एवढा पत्रव्यवहार करावा लागला त्याचं कारण हेच. मी सगळ्यांना सांगते, बाळ दीड-दोन महिन्यांचं झालं की ब्रसेल्सची वेळ घ्या. पासपोर्ट आल्याशिवाय बाळाचा राहण्याचा परवाना होत नाही, आणि आजी-आजोबांकडे जायचं तिकीटही नाही.

तो ब्रसेल्सचा दिवस कसा असतो ते सांगते, म्हणजे धास्ती वाटणार नाही. सकाळची गाडी. लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून सार्वजनिक वाहतूक फुकट आहे, त्यामुळे दुसऱ्या वर्गात सीमेपर्यंत तिकीट नाही. सीमेपासून पुढचं मात्र काढावं लागतं, आणि बरेच नवखे इथे दंड भरतात. आर्लों, नामूर असं करत तीन-सव्वातीन तासांत ब्रसेल्स. मजा म्हणजे तिथल्या एका स्टेशनचं नावच ब्रसेल्स-लक्झेंबर्ग. आपला दूतावास इक्सेल भागात, शोसे द व्ल्यूर्गा या रस्त्यावर. आत गेलं की भिंतीवर राष्ट्रपतींचा फोटो, बाकावर पंजाबी आजी, अँटवर्पचे गुजराती हिरेव्यापारी, कुठल्याशा विद्यापीठातला तमिळ विद्यार्थी. दूध, दुपटं, जादा कपडे, आणि एका फाइलमध्ये क्रमाने लावलेले कागद: ऑनलाइन भरलेला अर्ज छापून, बाळाचा जन्मदाखला, दोघांचे मूळ पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र, राहण्याच्या पत्त्याचा पुरावा, प्रत्येकाच्या दोन प्रती. फोटोचं माप अर्जाच्या सूचनेतलंच घ्या. स्टेशनवरच्या यंत्रातून निघणारा फोटो युरोपच्या मापाचा असतो, तो चालेल असं गृहीत धरू नका. छायाप्रतीचं दुकान शोधत पावसात फिरलेले बाप मी पाहिले आहेत, म्हणून प्रतींचं एवढं सांगते.

अजून एक काम पुढेमागे निघेलच: मुखत्यारपत्र. नाशिकचा फ्लॅट विकायचा किंवा भाड्याने द्यायचा, वडिलांच्या नावे अधिकार द्यायचे. ते ब्रसेल्सच्या दूतावासात सही करून साक्षांकित करता येतं, किंवा लक्झेंबर्गमध्ये नोटरीपुढे सही करून इथल्या पासपोर्ट कार्यालयाचं अपोस्टिल घेता येतं. आधी नाशिकच्या वकिलांना विचारा की त्यांच्या दुय्यम निबंधकांना कुठलं हवं. आणि तो कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं. पाकीट टेबलाच्या खणात राहिलं आणि मुदत गेली, हे फार वेळा घडतं.

गोव्याच्या वाचकांसाठी दोन ओळी. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेले पुष्कळ गोंयकार लक्झेंबर्गमध्ये कामाला येतात. त्यांचं पासपोर्ट-ओळखपत्राचं दार इथलाच पोर्तुगीज वाणिज्य दूतावास. पण भारताचं ओसीआय, म्हणजे मूळच्या भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड, हवं असेल तर त्यांनाही ब्रसेल्स. हीच गोष्ट उद्या लक्झेंबर्गचं नागरिकत्व घेणाऱ्यांची. लक्झेंबर्गला २००९ पासून दुहेरी नागरिकत्व चालतं, भारताला चालत नाही, म्हणून भारतीय पासपोर्ट परत करून तसा दाखला घ्यावा लागतो.

आता ताई, तुमचं शेवटचं वाक्य.

पासपोर्ट हरवला किंवा चोरीला गेला तर आधी लक्झेंबर्गच्या पोलिसांत तक्रार, तिची प्रत, मग ब्रसेल्स. तुम्ही तिथले रहिवासी असाल तर नवा पासपोर्ट निघेपर्यंत थांबायचं. तातडीने भारतात यायचं असेल तर दूतावास एकदाच्या प्रवासापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो. कुणाला अटक झाली तर आपल्या दूतावासाला कळवा असं म्हणायचा हक्क १९६३ च्या कराराच्या कलम ३६ ने दिलेला आहे. कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात १७ जुलै २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानला ज्यावरून दोषी धरलं ते हेच कलम. पण ‘कळवा’ असं त्या माणसाने स्वतः म्हणावं लागतं. भीतीने किंवा लाजेने गप्प बसलेल्याबद्दल दूतावासाला काहीच कळत नाही. दूतावास वकिलांची नावं देईल, भेटायला येईल, घरी निरोप देईल. कोर्टाच्या कामात हात घालणार नाही. ज्यांच्याकडे खरोखर पैसा नाही अशांसाठी प्रत्येक दूतावासात भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, २००९ पासून. अडकलेल्याला परत पाठवणं, पार्थिव नेणं यासाठी त्यातून मदत होऊ शकते.

आणि मृत्यू. तुम्ही बाळाची वाट बघता आहात, तरी लिहिते, कारण तुम्ही विचारलंत. काही वर्षांपूर्वी मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलेले एक आजोबा इथे गेले. शुक्रवारची रात्र. गाव तुमच्याच बाजूचं, निफाडकडचं. आजी खुर्चीत बसून एकच विचारत होत्या, ‘यांना रामकुंडावर नेता येईल ना?’ मुलगा हातात फोन धरून बसला होता, कुणाला लावायचा हे कळत नव्हतं. डॉक्टरांचा दाखला झाला. कॉम्यूनमध्ये मृत्यूची नोंद अंत्यसंस्कार करणाऱ्या इथल्या माणसाने करून दिली. ती माणसं हे काम फार शांतपणे करतात. दूतावासाचा तातडीचा क्रमांक सुट्टीच्या दिवशीही चालू असतो, तो आम्ही लावला. पलीकडच्या अधिकाऱ्याने हिंदीत सगळं नीट विचारून घेतलं आणि काय काय पाठवायचं ते सांगितलं. पार्थिव न्यायचं की इथे दहन करून अस्थी न्यायच्या, हे घरच्यांनी ठरवायचं. आजी म्हणाल्या, दहन इथेच, अस्थी घरी. शहराजवळ हाम इथे विद्युतदाहिनीसारखी दाहिनी आहे, १९९५ पासून. शेजारच्या दोन मराठी घरांतून तुळस आणि गंगाजल आलं. मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला, आजोबांचा पासपोर्ट असं घेऊन मुलगा ब्रसेल्सला गेला आणि रद्द केलेला पासपोर्ट व अस्थी नेण्याचं ना-हरकत पत्र घेऊन परतला. मोहोरबंद कलश विमानात त्याने मांडीवर ठेवला होता.

त्या रात्री उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे आजोबांच्या सामानात सापडलेली एक प्लॅस्टिकची पिशवी. त्यात पासपोर्ट, प्रवासविमा, औषधांची यादी आणि मुलाचा पत्ता, सगळं आजींनी रबर लावून ठेवलेलं. तशी एक पिशवी तुम्हीही करा. तुमच्या दोघांच्या सगळ्या कागदांच्या प्रती तिच्यात घाला, ब्रसेल्सच्या दूतावासाचा तातडीचा क्रमांक आणि इथला ११२ एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा, आणि तिची दुसरी प्रत नाशिकला तुमच्या आईकडे ठेवून निघा.